पुण्यांतील बालहत्या-प्रतिबंधक गृह

सन १८६३ मध्यें पुण्याच्या न्यायालयांत काशीबाई नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात मुलाच्या खुनाचा आरोप शाबीत झाला, आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानांत धाडण्यांत आलें. ही बाई जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं स्वयंपाक करीत असे. एका शास्त्र्यानें तिला नादीं लावलें, दिवस गेले, गर्भ पाडण्यासाठीं औषधें घेऊन झालीं, पण तीं लागू पडलीं नाहींत. मुलगा झाला तेव्हां अब्रूच्या भीतीनें तिनें त्याचा गळा चिरला आणि प्रेत घरामागील विहिरींत टाकलें. तें दोन दिवसांनीं सांपडलें. बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर १८८४ सालीं टिपणें प्रसिद्ध केलीं; त्यांवर अभिप्राय देतांना त्याच वर्षाच्या ४ डिसेंबरच्या पत्रांत जोतीरावांनीं ही हकीकत सांगितली आहे.

कायदा त्या वेळीं नुकताच नवा झाला होता. १८६० चा दंडसंग्रह १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आला. त्यांत खुनाला फांशी किंवा काळें पाणी. अर्भकाचें प्रेत गुपचूप पुरून जन्म लपविला तर दोन वर्षेंपर्यंत कैद. गर्भपात करविणाऱ्या स्त्रीलाही शिक्षा. थोडक्यांत, अडचणींत सांपडलेल्या विधवेनें जें जें करावें तें तें अपराध. आणि तिला त्या स्थितीला आणणारा पुरुष? सज्ञान स्त्रीला फूस लावणें हा त्या दंडसंग्रहांत गुन्हाच नव्हता. पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्यानें मोकळीक दिली होती खरी. परंतु कागदावरची परवानगी आणि जातीचा बहिष्कार यांत जातीचाच हात वर राही.

खटला संपतांच जोतीराव व सावित्रीबाई यांनीं आपल्याच घराच्या आवारांत एक गृह उघडलें. हातीं पैका बेताचाच होता. पुण्यांत ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील पत्रकें चिकटविण्यांत आलीं. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व निर्धास्त बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें कीं येथेंच ठेवावें हें त्यांच्या खुशीवर राहील, असा त्यांचा आशय होता. या पत्रकांचा धीटपणा आज पुरता ध्यानांत येणार नाहीं. जें पाप म्हणून चार भिंतींआड कुजबुजत बोलावयाचें, तें भर रस्त्यांत भिंतीवर छापून लावलें गेलें. आणि लावणारा माळी जातीचा. शिवाय मजकुरांत उपदेशाचा शब्द नाहीं, प्रायश्चित्ताची अट नाहीं, नांवगांवाची चौकशी नाहीं. पुढच्या काळांत समाजसेवेचें शास्त्र झालें, त्याची विद्यालयें निघालीं; त्या शास्त्राचा पहिला धडा या पत्रकांत आलेला आहे.

गृहाचा हिशेबही जोतीरावांनीं त्याच पत्रांत दिला आहे, व तो चटका लावणारा आहे. तोंपर्यंत ३५ गरोदर विधवा तेथें येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं ५ जिवंत होतीं, ३० दगावलीं होतीं. कारण त्यांनीं उघड लिहिलें: गर्भ लपविण्यासाठीं आयांनीं घेतलेल्या जहाल औषधांनीं पोटांतच मुलांना इजा झाली होती. एखाद्या चालकानें असा आंकडा झांकून ठेवला असता. परंतु याच आंकड्यावरून कळतें कीं, या स्त्रिया गृहाच्या दाराशीं येत त्या सर्व उपाय थकल्यावर, शेवटच्या दिवसांत येत.

लंडनमध्यें थॉमस कोरम यानें १७३९ सालीं सनद मिळवून टाकलेल्या मुलांसाठीं जें रुग्णालय काढलें, त्याच्याशीं ताडून पाहिलें तर हा आंकडा अधिक नीट समजतो. तेथें राजाची सनद होती, सरदारांच्या देणग्या होत्या. तरीही इतक्या आया दाराशीं येऊं लागल्या कीं पिशवींतून रंगीत गोट्या काढवून कोणाचें मूल घ्यावयाचें तें ठरवावें लागलें. पुढें १७५६ ते १७६० या चार वर्षांत सरकारी पैशानें सरसकट प्रवेश दिला गेला, तेव्हां सुमारें १५ हजार मुलें आलीं आणि त्यांपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक मरण पावलीं.

पुण्याच्या मागून १८७५ सालीं पंढरपुरांत असेंच गृह निघालें. तें काढण्यांत पुढाकार घेणारे लालशंकर उमियाशंकर हे तेथील न्यायाधीश, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तरी प्रकरणें थांबलीं नाहींत. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला याच अपराधासाठीं फांशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी करण्यांत आली. त्या प्रकरणावरून वृत्तपत्रांनीं साऱ्या स्त्रीजातीला दूषण दिलें, तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला.

अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्यानें दत्तक घेतला. त्याचें नांव यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई व यशवंत यांनीं हडपसरजवळ सासाने यांच्या मळ्यांत रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनीं स्वतः उचलून तेथें आणलें, त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या.

इंग्लंडनें १९२२ सालीं निराळा कायदा करून, बाळंतपणानें चित्त ठिकाणावर नसतांना मातेनें केलेली बालहत्या खुनांतून वेगळी काढली. भारतांत तशी स्वतंत्र तरतूद झाली नाहीं. जन्म लपविण्याचा अपराध १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेंतही कायम आहे. मात्र २०१५ च्या बालन्याय कायद्यानें दुसरी एक वाट दिली आहे. सांगवी फाट्यावरील औंधच्या जिल्हा रुग्णालयांत किंवा अन्यत्र बाळंत झालेल्या ज्या मातेला मूल सांभाळणें अशक्य आहे, ती तें बालकल्याण समितीपुढें रीतसर स्वाधीन करूं शकते. समिती प्रथम तिची समजूत घालते, आणि स्वाधीन केल्यावरही विचार बदलण्यासाठीं तिला दोन महिन्यांची मुदत असते. त्या मुदतींत तिला आपलें मूल परत मागतां येतें.