रीटा वेलिणकर

शांता गोखले (जन्म १९३९) यांची पहिली कादंबरी. मौज प्रकाशन गृहाने ती १९९० च्या सुमारास प्रसिद्ध केली. गोखले यांचा जन्म डहाणूचा.  इंग्रजी साहित्याची पदवी त्यांनी ब्रिस्टल विद्यापीठातून घेतली. नाट्यसमीक्षा आणि अनुवाद ही त्यांची मुख्य क्षेत्रे. कादंबऱ्या त्यांनी दोनच लिहिल्या, पण त्या मराठीत.

मानसिकदृष्ट्या कोसळलेली रीटा रुग्णालयाच्या खाटेवर पडून मागचे आयुष्य आठवते आहे, असा कादंबरीचा घाट आहे. आईवडिलांनी जबाबदारी झटकलेली, पाठच्या बहिणी लहान. त्यामुळे अठराव्या वर्षी ती नोकरीला लागते आणि घर तिच्या पगारावर चालू लागते. कार्यालयातले वरिष्ठ साळवी विवाहित आहेत. त्यांच्याशी तिचे संबंध जुळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात, पण चारचौघांत त्या नात्याचा उच्चार करता येत नाही. घरची कर्ती मुलगी आणि बाहेरची ‘दुसरी बाई’ या दोन्ही भूमिका एकाच देहाने निभावताना ती मोडते.

कथा अशा गुपिताभोवती फिरत असली, तरी रहस्यकथेच्या चाहत्याने येथे खून, पुरावे किंवा शेवटच्या पानावरचा धक्का शोधू नये. गुपित काय आहे ते झाकून ठेवण्यात लेखिकेला रस नाही. ते पोटात ठेवून बाई किती काळ चालू शकते आणि पडल्यावर कोणाच्या आधाराने उठते, याची उत्कंठा वाचकाला पुढे नेते. रीटाची मैत्रीण सरस्वती येथे महत्त्वाची ठरते. मराठी कादंबरीत नायिकेच्या मैत्रिणीला बहुधा निरोप पोचवण्याचे नाहीतर डोळे पुसण्याचे काम मिळते. सरस्वतीच्या वाट्याला त्याहून बरेच अधिक आले आहे. कादंबरीची प्रेमकथा बाजूला ठेवली तरी ही मैत्री उभी राहते, किंबहुना तीच अधिक खरी वाटते.

रीटाचे गुपित महानगरी आहे. ठाकुर्लीतल्या बारा बंगला किंवा चोळेगाव अशा लहान वस्तीत, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, ते महिनाभरही टिकले नसते. दारात दोनदा थांबलेली अनोळखी गाडी तेथे तिसऱ्यांदा अनोळखी राहत नाही. मुंबईची गर्दी रीटाला आडोसा देते. मात्र लपवण्याची सोय झाली की मन मोकळे करण्याची माणसेही कमी होतात, आणि या कादंबरीतला एकटेपणा तेथून येतो.

स्त्रियांच्या मनातले उघडपणे लिहिण्याची किंमत मराठीत पूर्वीही मोजावी लागली होती. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला, तेव्हा वादळ उठले आणि लेखिका कोण याची चर्चा रंगली. त्या नावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. तेव्हा गुपित लेखिकेच्या नावाचे होते. गोखले यांनी स्वतःच्या नावाने लिहिले. झाकपाक उरली ती पात्राच्या आयुष्यात.

कादंबरीला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. लेखिकेने स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद १९९५ मध्ये निघाला. गोखले यांच्या कन्या, अभिनेत्री रेणुका शहाणे यांनी या कादंबरीवरून ‘रीटा’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला (२००९). दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिला चित्रपट. रीटाची भूमिका पल्लवी जोशी यांनी केली, साळवींची जॅकी श्रॉफ यांनी. चित्रपट पाहून मूळ पुस्तकाकडे वळणाऱ्याने घाई करू नये. रीटाच्या मनातली उलथापालथ पडद्यापेक्षा पानांवर अधिक सविस्तर भेटते. गोखले यांची दुसरी कादंबरी ‘त्या वर्षी’ २००८ मध्ये प्रसिद्ध झाली.