स्फूर्तिदेवतेचे मिटलेले डोळे

प्राचीन ग्रीकांनी काव्य, संगीत, इतिहास आदी विद्यांच्या नऊ देवता कल्पिल्या होत्या. स्मृतिदेवतेच्या या कन्यांना ते ‘म्यूझ’ म्हणत. कवीने आवाहन करावे आणि त्यांनी त्याच्या मुखातून बोलावे, असा संकेत होता. पुढे युरोपीय साहित्यात देवतेच्या त्या आसनावर हाडामांसाची स्त्री बसविण्यात आली. तिचे स्वतःचे काय झाले, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

या परंपरेतील सर्वांत तेजस्वी नाव बेआत्रिचेचे. फ्लॉरेन्सच्या दान्तेने तिला वयाच्या नवव्या वर्षी प्रथम पाहिले. १२९० साली ती ऐन तारुण्यात निवर्तली. ‘दिव्हिना कोमेदिया’ या त्याच्या महाकाव्यात ती पुन्हा भेटते, ती मूक मूर्ती म्हणून नव्हे. शुद्धिस्थानाच्या पर्वतमाथ्यावर ती त्याला त्याच्या स्खलनांबद्दल अशी खडसावते, की तो रडू लागतो. मग ती त्याला स्वर्गलोकातून नेते आणि अखेरीस संत बर्नार्डच्या हाती सोपवून आपल्या स्थानी परतते. त्याची दृष्टी आपल्यावरच खिळून राहू नये, परमेश्वराकडे वळावी, एवढीच तिची इच्छा.

पाच शतकांहून अधिक काळानंतर लंडनमध्ये दान्तेचेच नाव धारण करणारा एक चित्रकार-कवी झाला, दान्ते गाब्रिएल रॉसेटी. आपली बेआत्रिचे त्याला एलिझाबेथ सिडल या तरुणीत दिसली. १८२९ साली जन्मलेली ही मुलगी स्त्रियांच्या टोप्यांच्या दुकानात कामाला होती. रॉसेटीचा मित्र मिले याने १८५१-५२ च्या हिवाळ्यात बुडालेल्या ओफेलियाच्या चित्रासाठी तिला पाण्याने भरलेल्या टबात निजविले. पाणी उबदार ठेवणारे दिवे विझले. ती काही बोलली नाही, असे सांगतात. पुढे मात्र ती आजारी पडली. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाचे भूषण आहे.

रॉसेटीने तर तिची असंख्य रेखाटने केली. त्याची बहीण ख्रिस्तीना हिने १८५६ मध्ये या ध्यासावर एक कविता रचली. चित्रकाराच्या कल्पनेने खरी स्त्री कशी झाकली जाते, हे तिने ओळखले होते. ती कविता छापली गेली १८९६ साली, कवयित्रीच्याही मृत्यूनंतर.

एलिझाबेथनेही हाती कुंचला धरला होता, याची आठवण फार थोड्यांना असते. १८५३-५४ च्या तिच्या आत्मचित्रात स्वप्नाळू मोहिनी नाही. थकलेला, गंभीर, सरळ पाहणारा चेहरा आहे. १८५५ मध्ये समीक्षक रस्किनने तिची चित्रे विकत घेतली आणि तिला वर्षाला १५० पौंड देऊ केले. १८५७ च्या लंडनमधील प्री-रॅफेलाइट प्रदर्शनात चित्रे मांडणारी ती एकमेव स्त्री होती. ती कविताही लिही. त्यांना मुद्रण लाभले ते मरणोत्तर.

१८६० मध्ये रॉसेटीशी तिचा विवाह झाला. १८६१ मध्ये तिला मृत कन्या झाली. फेब्रुवारी १८६२ मध्ये लॉडॅनम या अफूमिश्रित औषधाची मात्रा अधिक होऊन ती वारली. वय अवघे ३२. चौकशीत हा अपघाती मृत्यू ठरला. शोकाकुल पतीने आपल्या कवितांचे हस्तलिखित तिच्या शवपेटीत ठेवले. परंतु ऑक्टोबर १८६९ मध्ये त्याच्याच संमतीने हायगेटच्या दफनभूमीतील ती कबर उघडण्यात आली आणि १८७० साली त्याचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षांत त्याने ‘बेआता बेआत्रिक्स’ हे चित्र पूर्ण केले. त्यात एलिझाबेथ बेआत्रिचेच्या रूपात डोळे मिटून बसली आहे आणि एक तांबडा पक्षी तिच्या हातांत अफूचे फूल टाकीत आहे.

रॉसेटीचे दुःख खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि दोन बेआत्रिचेंमधील अंतर आम्हांला विचार करावयास लावते. दान्तेची बेआत्रिचे उघड्या डोळ्यांनी पाहते, बोलते, प्रसंगी रागावते. रॉसेटीची मात्र डोळे मिटून गप्प आहे. प्रिय माणसाला आपल्या स्वप्नाचे रूप देण्याचा मोह केवळ कलावंतांनाच होतो असे नाही. आपल्या घराघरांतूनही तो होतो. म्हणून एलिझाबेथची ओळख करून घेताना ओफेलियापाशीच न थांबता, तिने स्वतः रेखाटलेल्या त्या थकलेल्या चेहऱ्यापर्यंत आपण जावे. तेथे तिचे डोळे उघडे आहेत.