दौलतजादा : नोट हातात की हवेत?

संगीतबारीच्या बैठकीत एखाद्या रसिकाने नोट वर धरली, की लावणी क्षणभर थांबते. नाचणारी पुढे येते, नोट घेते, मान लववते. देणाऱ्याचे नाव पुकारले जाते आणि ढोलकी पुन्हा घुमू लागते. या देवघेवीला मराठीत खास शब्द आहे, ‘दौलतजादा’. आज आपण तो शब्द बहुतेक वेळा नाक मुरडून वापरतो. निवडणुकीत कुणी पैसे वाटले, लग्नात कुणी नोटा उधळल्या, की वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘दौलतजादा’. मूळ अर्थ मात्र उधळपट्टीचा नाही. ‘दौलत’ आणि ‘ज्यादा’ हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. ‘तुमची दौलत वाढो’ असा हा आशीर्वाद आहे. म्हणजे हा शब्द आधी देणाऱ्याचा नव्हता, घेणारीच्या तोंडचा होता.

कलावंताला पैसे देण्यासाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. बक्षीस, इनाम, बिदागी, ओवाळणी, दौलतजादा. हे सगळे समानार्थी नाहीत. बिदागी निरोपाच्या वेळी द्यायची, तीही सन्मानाने. ओवाळणी नात्याची असते. इनाम धन्याकडून मिळते. दौलतजादा तेवढी सर्वांसमक्ष, कार्यक्रम चालू असताना, ऐन रंगात द्यायची. त्यामुळे तिच्यात पैशाइतकाच देखावाही असतो. देणाऱ्याला आपली रसिकता आणि ऐपत चारचौघांत दाखवायची असते. हा देखावा कुठपर्यंत चालू द्यायचा आणि त्यातून जमलेला पैसा शेवटी कुणाच्या पदरात पडायचा, या दोन प्रश्नांभोवती दौलतजादाचा सारा इतिहास फिरतो.

पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, लावणीला दरबारी आश्रय होता. तिथे देणारा एक, मोठा आणि ओळखीचा असे. शाल, पागोटे, रोख रक्कम, काय द्यायचे ते त्याच्या मर्जीवर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा आश्रय संपला. शाहीर आणि नाचणाऱ्या बायका गावोगावच्या जत्रांकडे वळल्या, पुढे मुंबईच्या गिरणगावाकडे. आता एका धन्याच्या जागी शेकडो प्रेक्षक आले. कुणी शेतकरी, कुणी हमाल, कुणी गिरणी कामगार. एकट्याने शाल देण्याची ऐपत कुणाचीच नाही, पण रुपया-आठ आणे पुष्कळांच्या खिशात. दरबारी इनामाची अशी मोड झाली आणि ती चिल्लरीत फडावर आली.

तिकिटाचे पैसे एका वाटेने जात, दौलतजादाचे दुसऱ्या. तिकिटाच्या गल्ल्यात थिएटरमालकाचा, कंत्राटदाराचा वाटा असे. प्रेक्षकाने प्रत्यक्ष दिलेला पैसा पार्टीच्या हाती पडे आणि त्याची वाटणी मालकीण, नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकी आणि पेटीवाले यांच्यात ठरल्याप्रमाणे होई. म्हणूनच देणाऱ्याचे नाव मोठ्याने पुकारण्याला हिशेबाचाही अर्थ होता. किती आले ते सगळ्यांनी ऐकले म्हणजे नंतर वाद नको.

या रिवाजाला शिष्टाचारही होता. जाणकार रसिक ओळ अर्धी असताना नोट दाखवत नसे, समेवर दाखवी. फर्माईश असेल तर ती पैशांबरोबर सांगे. चांगल्या तोड्याबद्दल ढोलकीवाल्यालाही काही देई. आणि मुख्य म्हणजे नोट हातात देई. उत्तर हिंदुस्थानातल्या मुजऱ्याच्या मैफलीतही जुन्या जाणकारांचा कल असाच होता. पैसा पेश करायचा, फेकायचा नाही. डोक्यावरून ओवाळून दिलेल्या पैशालाही दृष्ट काढण्याचा अर्थ होता.

पण या रिवाजाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. नोट हातात द्यायची म्हणजे तो हात जवळ येणार. नोट पुढे करायची आणि ती घ्यायला आल्यावर मागे ओढायची, मनगट धरून ठेवायचे, असले प्रकार फडावर होत. लावणी नाचणाऱ्या बहुतेक स्त्रिया कोल्हाटी, महार, मांग अशा जातींतल्या. नोट देणारा अनेकदा गावचा पाटील-सावकार. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतिणींवर जे लेखन केले, त्यात जात, पैसा आणि बाईचे शरीर यांची ही गाठ त्यांनी उलगडून दाखवली आहे. जिला नकार देणे परवडत नाही, तिने हसून, एखादा चुरचुरीत जबाब देऊन हात सोडवून घ्यायचा, हेही तिच्या कलेतच धरले गेले.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली. पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठली, संहिता तपासून घेण्याची पद्धत आली. सुधारकांचा रोख शब्दांवर आणि हावभावांवर होता. कलावंतिणीला महिन्याकाठी किती मिळते, आजारपणात तिचे कोण पाहते, हे प्रश्न बाजूलाच राहिले. विठाबाई नारायणगावकरांनी सारा महाराष्ट्र गाजवला, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्या हलाखीच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. ज्या कमाईला पगाराचा आधार नाही, ती कमाई अंगात नाच असेपर्यंतच टिकते.

हीच गोष्ट पुढे मुंबईच्या डान्सबारमध्ये नव्या रूपात घडली. १९७०-८०च्या दशकांत हे बार वाढत गेले. त्यांना कार्यक्रमाचा परवाना मिळे तो १९६० च्या सार्वजनिक करमणुकीच्या नियमांखाली, ज्यांच्या लांबलचक नावात मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे! नाचणाऱ्यांतल्या पुष्कळ जणी राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या पिढीजात नाचगाणे करणाऱ्या समाजांतून आल्या होत्या. त्यांच्या घरचा मुजरा बंद पडला होता, म्हणून त्या मुंबईला आल्या.

बारमधल्या पैशाची रीत समजून घेण्यासारखी आहे. गिऱ्हाईक पाचशे-हजाराच्या नोटा वेटरच्या हाती देई आणि काउंटरवरून दहा-दहाच्या नोटांची गड्डी घेई. सुट्टे कशासाठी? हजाराची एक नोट दिली की काम क्षणात संपते. दहाच्या शंभर नोटा एकेक करून दिल्या, तर अख्खे गाणे पुरतात. तेवढा वेळ ती आपल्यासमोर नाचते आणि तेवढा वेळ सारा बार आपल्याकडे पाहतो. म्हणजे सुट्ट्या नोटांनी वेळ विकत घेतला जाई. मग एकेक देण्याऐवजी पंख्यासारख्या धरून उडवणे आले, गड्डीच्या गड्डी डोक्यावर रिकामी करणे आले, नोटांचे हार आले. बनावट मुद्रांक घोटाळ्यातल्या अब्दुल करीम तेलगीने एका रात्रीत एका नर्तिकेवर नव्वद लाखांहून अधिक रुपये उधळल्याची बातमी त्या काळी घरोघरी चघळली गेली.

नोट हातातून हवेत गेली आणि दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे स्पर्श टळला. बऱ्याच जणींना उधळण त्यासाठीच सोयीची वाटे, कारण गिऱ्हाईक टेबलापाशी आणि आपण फ्लोअरवर. दुसरी गोष्ट, हिशेब तिच्या हातातून गेला. जमिनीवर पडलेल्या नोटा ती उचलत नसे. बारचा पोऱ्या त्या गोळा करी, काउंटरवर त्या मोजल्या जात आणि पहाटे तिचा वाटा तिला मिळे. कुठे निम्मा, कुठे साठ-चाळीस, कुठे त्याहून कमी. अनेक ठिकाणी पगार नव्हताच. दिसायला पैशाचा पाऊस, पण तिच्या पर्समध्ये किती गेले ते काउंटरवरच्या माणसाला ठाऊक.

मार्च २००५ मध्ये तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंद करण्याची घोषणा केली. जुलैत विधिमंडळाने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती एकमताने मंजूर केली. बंदीमागची चिंता खोटी नव्हती. जमिनी विकून हाती आलेला पैसा तरुण पोरे बारमध्ये घालवत होती, घरे मोडत होती. पण बंदी फक्त साध्या बारना. तीन तारे आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने आणि क्लब यांना सूट. तोच नाच महागड्या गालिच्यावर चालतो आणि साध्या फरशीवर चालत नाही, हे तर्कशास्त्र न्यायालयात टिकले नाही. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. दरम्यान आठ वर्षे गेली. सुमारे पंचाहत्तर हजार स्त्रियांचा रोजगार गेल्याचा आकडा न्यायालयात मांडला गेला होता. त्यांतल्या अनेकींना याहून वाईट धंद्यात जावे लागले, हे सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवले.

राज्याने २०१६ मध्ये नवा कायदा केला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे आठवे कलम महत्त्वाचे. नाणी, नोटा किंवा पैशात मोल होईल अशी कोणतीही वस्तू नर्तिकेवर फेकायची नाही, आणि तिच्या हातातही द्यायची नाही! टीप द्यायचीच तर ती बिलात जोडायची. १७ जानेवारी २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांच्या पीठाने यावर निकाल दिला. उधळण्यावरची बंदी कायम राहिली. टीप हातात देण्याची मात्र मुभा मिळाली आणि ती बिलातच जोडण्याची सक्ती गेली. लेखी करार हवा, ही अट टिकली. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुष्कळ ऊहापोहानंतर जे सांगितले, ते फडावरचा जाणकार रसिक मुळात पाळतच होता. पैसा द्या, पण हातात द्या.

बिलात जोडलेली टीप कुठे जाते, याचा एक धडा परदेशातही मिळतो. अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांतही छोट्या नोटांचेच राज्य आहे. तिथे एक-एक डॉलरच्या नोटा काउंटरवर सुट्ट्या करून मिळतात. काही क्लब मुद्दाम दोन डॉलरच्या नोटा सुट्टे म्हणून देतात, म्हणजे टीप आपोआप दुप्पट! न्यूयॉर्कच्या ‘रिक्स कॅबरे’ या क्लबात रोकड नसलेल्या गिऱ्हाइकाला ‘डान्स डॉलर’ नावाची कुपने विकत. गिऱ्हाईक चोवीस डॉलर मोजी, नर्तिकेला त्याचे अठरा मिळत. नर्तिकांनी दावा लावला. आम्ही स्वतंत्र व्यावसायिक नाही, क्लबच्या नोकर आहोत, आम्हाला किमान वेतन द्या, ही त्यांची मागणी होती. २०१३ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे दाखवून क्लबला आपल्या वेतनाच्या जबाबदारीतून सुटता येणार नाही, असे ठरले आणि २०१५ मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. गिऱ्हाइकाची खुशी वेगळी आणि मालकाने द्यायचे वेतन वेगळे, हा त्या खटल्याचा सारांश.

आपल्याकडे हा फरक अजून पुरता रुजलेला नाही. लग्नाच्या वरातीत, जत्रेत, ऑर्केस्ट्राच्या मंचावर आजही नोटा उधळल्या जातात. नोटांचे हार करू नका, त्या उधळू नका, असे रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी सांगितले आहे, तेही चलन स्वच्छ राहावे म्हणून. नोटेची अशी काळजी घेतली जाते याचे समाधान आहे. ज्या बाईच्या अंगावर ती नोट पडते, तिचीही तेवढीच काळजी व्हावी.

त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चौफुल्याला, मोडनिंबला किंवा पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात आजवर रसिकांनी लावणीला जी दाद दिली, तिच्यात दोन-चार साध्या गोष्टी होत्या. कार्यक्रमाला जाताना सुट्टे घेऊन जावे. गाणे अर्धे असताना हाक मारू नये. नोट हातात द्यावी आणि लगेच हात मागे घ्यावा. ढोलकीवाल्याला विसरू नये. आणि जो कार्यक्रम ठरवतो, त्याने आधी मानधन ठरवून ते पुरते चुकते करावे, ते रसिकांच्या खुशीवर सोडू नये. एवढे झाले तर घेणारीच्या तोंडून ‘तुमची दौलत वाढो’ हा आशीर्वाद मनापासून निघेल.