छायाचित्रातले मूल आणि कायदा : प्रस्तावना

बेडसे लेण्यांच्या पायऱ्यांशी मे महिन्यात मी दम खात बसले होते. शेजारी पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन गावातल्या मुली बसल्या होत्या. एका पर्यटकाने न विचारता मोबाइल रोखला, तशी नऊ-दहा वर्षांच्या एकीने द्रोण उचलून तोंडासमोर धरला. चिकाने काळवंडलेली तिची बोटे तेवढी दिसत राहिली. त्या फोटोत गुन्हा नव्हता. कायद्याने त्याला गुन्हा मानूही नये. पण आता साध्या चेहऱ्यावरूनही संगणक हवे ते चित्र बनवून देतो. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या अशा बनावट चित्रांचा समावेश ‘पोक्सो’ या बाल-लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यातल्या ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’च्या व्याख्येत २०१९ मध्ये झाला. या विषयाच्या नव्या अभ्यासकाने तो द्रोण ध्यानात ठेवावा, एवढी विनंती.

मराठी वाचक या विषयाकडे बहुधा अश्लीलतेच्या वाटेने येतो. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरचे खटले, ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेच्या आरोपातून केलेली त्यांची सुटका हा आपला ओळखीचा वारसा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. तिथे प्रश्न लेखकाच्या आणि जाणत्या वाचकाच्या स्वातंत्र्याचा होता. मुलाच्या शोषणाच्या चित्राला ते माप लावता येत नाही. पाहणाऱ्याची अभिरुची बिघडते की नाही, हा तिथे मुद्दाच नव्हे. चित्र काढताना मुलावर अत्याचार झालेला असतो, आणि ते हातोहात फिरते तोवर तो थांबत नाही.

कायद्याला हे उमगायला वेळ लागला. १९९१ मध्ये मडगावात अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला अटक झाली, तेव्हा त्याच्याकडे मुलांच्या लैंगिक शोषणाची दोन हजारांहून अधिक छायाचित्रे सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बालकायदा केला आणि फोटो डेव्हलप करणाऱ्यांवरही, असे काही नजरेस पडल्यास पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली. २०१२ च्या पोक्सोतले कलम १५ मात्र धंद्यासाठी केलेल्या साठ्यापुरतेच होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते रुंदावले : पुढे पाठवण्याच्या इराद्याने असे चित्र जवळ ठेवणे, ते नष्ट न करणे, न कळवणे हाही गुन्हा झाला. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, असे चित्र नुसते उतरवून पाहणे गुन्हा नाही, हा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द न्यायालयांनी वापरू नये, असे बजावले. न्यायालयाने सुचवलेल्या पर्यायी इंग्रजी संज्ञेतल्या ‘मटेरियल’ला मराठीत ‘साहित्य’ म्हणावे, तर जीभ अडखळते. मी ‘अत्याचाराची दृश्यनोंद’ म्हणते. कुणाला याहून नेमका शब्द सुचला तर मी तो आनंदाने घेईन.

राजकारणात ‘कडक कायदा’ म्हणजे जास्त शिक्षा, असेच समीकरण झाले आहे. स्त्रिया आणि मुलांवरील अत्याचारांविरुद्धचे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले, चर्चा फाशीच्या तरतुदीचीच अधिक झाली, आणि राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभा समितीने २०२० मध्ये वेगळी वाट सुचवली : चित्र पसरवणारा सापडावा म्हणून संदेशांचे कूटलेखन भेदण्याची मुभा असावी. हेतू रास्त आहे, पण कूटलेखनाचे तेच कुलूप मुलांच्या फोनलाही असते. शिवाय एकमेकांना स्वतःचे फोटो पाठवणारी सतरा वर्षांची मुलेही पोक्सोच्या कलमांच्या तावडीत येऊ शकतात. या दोन्ही पेचांना माझ्याकडे तयार उत्तर नाही. अभ्यासकांची गरज आहे ती इथे.

माझ्या मते पोक्सोची खरी धार कलम २० मध्ये आहे. हॉटेल, लॉज, दवाखाना, क्लब, स्टुडिओ यांतल्या कुणाच्याही नजरेस अशी दृश्यनोंद आली, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बेडशापासून पवना धरणापर्यंत तंबू आणि भाड्याचे बंगले पसरले आहेत. तिथल्या काही राखणदारांशी मी बोलले. पाहुण्यांच्या आधार कार्डाची प्रत घ्यायची, वहीत गाडीचा नंबर लिहायचा, हे प्रत्येकाला तोंडपाठ होते. कलम २० एकानेही ऐकले नव्हते. एकाने वही पुढे केली आणि म्हणाला, “ताई, इथंच पहिल्या पानावर लिहून द्या.” मी लिहिले, खाली १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबरही घातला. त्याने ते दोनदा मोठ्याने वाचले आणि विचारले, “कळवणाऱ्याचं नाव बाहेर जातं का?”