कळंबोलीहून निघालेले रिकामे टँकर

आज आपल्या पनवेल तालुक्यातलीच एक गोष्ट सांगतो आहोत, तशी ताजीच. 19 एप्रिल 2021 च्या रात्री कळंबोलीच्या मालधक्क्यावरून एक मालगाडी निघाली. तिच्यावर सात टँकर चढवले होते, सातही रिकामे. ते विशाखापट्टणमला जाऊन प्राणवायू भरून आणणार होते. देशातली ही पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. टँकर चढवायचा उतार एका दिवसात बांधला होता. टँकर उंच, म्हणून घाटाचा जवळचा रस्ता बंद. गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेत गेली. परतताना तीन टँकर नागपूरला उतरले, चार नाशिकला.

एवढी धावाधाव का करावी लागली? थोडा हिशेब करू, बचत गटाच्या बायकांना हिशेब काही नवा नाही. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण 7,000 लिटर प्राणवायू असतो. नाकात साधी नळी असलेल्या रुग्णाला मिनिटाला 4 लिटर लागले, तर तो एक दिवसाहून जास्त पुरतो. पण अत्यवस्थ रुग्णाच्या यंत्राला मिनिटाला 60 लिटरपर्यंत लागतात. मग तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. असे रुग्ण वॉर्डभर असले, तर सिलिंडर ढकलत किती वेळा आणायचे?

म्हणून 2020 च्या पहिल्या लाटेत मुंबई महापालिकेने मोठ्या रुग्णालयांत द्रवरूप प्राणवायूच्या टाक्या बसवल्या आणि खाटांपर्यंत पाइप नेले. तरीही 2021 च्या एप्रिलमध्ये 16 तारखेच्या रात्री सहा रुग्णालयांत साठा खाली आला. त्या एका रात्रीत 168 रुग्ण दुसरीकडे हलवले, आणि सगळे वाचले. खाट कुठे रिकामी आहे हे प्रत्येक वॉर्डातल्या वॉर रूमला आधीच माहीत होतं, म्हणून ते जमलं. नुसत्या रुग्णवाहिका असून भागलं नसतं.

टाकी आली म्हणजे काळजी मिटली, असंही नाही. 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, दाब उतरला आणि त्या दिवशी 22 जण गेले. त्या संध्याकाळच्या बातम्या आपल्यापैकी कुणी विसरली असेल असं वाटत नाही. टाकी, व्हॉल्व्ह आणि पाइप नियमित तपासायला हवेत, हे फार मोठी किंमत देऊन कळलं.

आम्हाला सगळ्यात भावली ती नंदुरबारची गोष्ट. आदिवासी जिल्हा, मोठं शहर जवळ नाही. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसरी लाट यायच्या आधीच हवेतून प्राणवायू बनवणारे प्रकल्प उभे केले. आणि तिथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. त्यांचं काम काय? खाटेखाटेला जाऊन बोटाला यंत्र लावायचं, रुग्ण सुधारला असेल तर प्रवाह कमी करायचा, कुणी जेवायला किंवा मोरीत गेलं असेल तर चावी बंद करायची. घरात उगाच जळणारा गॅस आपण बंद करतो, अगदी तसंच. त्यातून वाचलेला वायू दुसऱ्या कुणाच्या तरी श्वासाला मिळाला. पुढे राज्याने ही पद्धत उचलून धरली.

आपल्याकडे पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याचं एमजीएम कोविड रुग्णालयं झाली. प्राणवायू पुरवणाऱ्यांत शेजारच्या पेण तालुक्यातला डोलवीचा पोलाद कारखानाही होता. लोखंड बनवताना लागणारा वायू माणसांसाठी वळवला गेला.

त्या साथीनंतर गावोगावच्या सरकारी रुग्णालयांत हवेतून प्राणवायू काढणारी यंत्रं बसली. ती अधूनमधून चालवावी लागतात, गाळण्या बदलाव्या लागतात, वीज आणि शिकलेला माणूस लागतो. परवा गटातल्या पाच जणी एका रुग्णालयात गेलो आणि विचारलं, “दादा, हे यंत्र शेवटचं कधी चालवलं?” त्यांनी वही काढली. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. येत्या सोमवारी चालवून दाखवतो म्हणाले. सोमवारी सकाळी दहाला आम्ही पुन्हा जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर साडेनऊला एसटी थांब्यावर भेटा.