बॅड ब्रेन्स : हार्डकोर पंकचा पाया घालणारा बँड

अमेरिकेत १९८० च्या आसपास आकाराला आलेल्या हार्डकोर पंकच्या (पंक रॉकच्या अधिक वेगवान, आक्रमक रूपाच्या) जडणघडणीत वॉशिंग्टन डी. सी. च्या ‘बॅड ब्रेन्स’ या बँडचे स्थान पायाभूत आहे. गायक एच. आर. (पॉल हडसन), त्याचा धाकटा भाऊ व ड्रमवादक अर्ल हडसन, गिटारवादक डॉ. नो (गॅरी मिलर) आणि बेसवादक डॅरिल जेनिफर हे चौघेही कृष्णवर्णीय होते. पंकच्या वर्तुळात तेव्हा गोऱ्या तरुणांचाच भरणा होता.

या चौघांनी सुरुवात केली ती ‘माइंड पॉवर’ या नावाने, जॅझ-फ्यूजन वाजवत. महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि रिटर्न टू फॉरेव्हर हे त्यांचे आदर्श. पुढे ते पंककडे ओढले गेले आणि ‘रमोन्स’ या पंक बँडच्या एका गाण्यावरून त्यांनी नवे नाव घेतले. त्या काळी अनेक पंक वादक जुजबी तयारीवर मंचावर येत. बॅड ब्रेन्सचे हात मात्र अवघड तालांवर घोटलेले होते. त्यामुळे अफाट वेगातही त्यांचे वादन विस्कळीत होत नसे. अवघ्या दीड मिनिटाच्या आसपास संपणारी त्यांची पहिली सिंगल १९८० मध्ये निघाली आणि तिने वेगाचे नवे माप घालून दिले. अतिद्रुत गतीवरून एकाएकी लय निम्म्यावर आणायची, हे त्यांचे तंत्र पुढे न्यूयॉर्कच्या हार्डकोरची ओळख बनले.

रेगे गायक बॉब मार्लीची मैफल ऐकल्यानंतर त्यांना रेगेची ओढ लागली आणि त्यांनी रास्ताफारी पंथ स्वीकारला. तेव्हापासून हार्डकोरच्या जोडीने संथ रेगे गाणीही त्यांच्या कार्यक्रमात येऊ लागली. नेपोलियन हिलच्या पुस्तकातून घेतलेला सकारात्मक वृत्तीचा विचार त्यांच्या गीतांत सतत दिसतो. याच काळाला एक डागही आहे. १९८२ मध्ये टेक्सासमध्ये समलिंगी व्यक्तींविषयी त्यांनी दाखवलेल्या द्वेषामुळे अनेक सहकारी बँड दुरावले.

वॉशिंग्टनच्या क्लबांनी त्यांना दारे बंद केल्यावर बँड न्यूयॉर्कला गेला. तिथे १९८२ मध्ये ‘रोअर’ (ROIR) या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांचा पहिला अल्बम केवळ कॅसेटवर काढला. अमेरिकी संसदेच्या कॅपिटॉल इमारतीच्या घुमटावर वीज कोसळतानाचे त्याचे मुखपृष्ठ आजही ओळखले जाते. ‘द कार्स’ या रॉक बँडच्या रिक ओकासेकने निर्मिलेला ‘रॉक फॉर लाइट’ १९८३ मध्ये आला. ‘आय अगेन्स्ट आय’ (१९८६) मध्ये मेटल आणि फंक मिसळले. त्यातल्या एका गाण्यासाठी एच. आर. ने तुरुंगातून टेलिफोनवरून गायन दिले.

या बँडचा प्रभाव प्रथम त्यांच्याच शहरात दिसला. ‘मायनर थ्रेट’चा इयन मकाय आणि पुढे ‘ब्लॅक फ्लॅग’चा गायक झालेला हेन्री रॉलिन्स हे दोघेही त्यांचे कार्यक्रम पाहून घडले. ‘बीस्टी बॉइज’ रॅपकडे वळण्यापूर्वी हार्डकोर वाजवत, तेही याच प्रेरणेतून. त्यांच्यातल्या अ‍ॅडम याउकने २००७ मध्ये बॅड ब्रेन्सच्या ‘बिल्ड अ नेशन’ची निर्मिती केली. ‘लिव्हिंग कलर’ व ‘फिशबोन’ या कृष्णवर्णीय रॉक बँडांनाही बॅड ब्रेन्सने वाट मोकळी करून दिली.

सभासदांतील बेबनाव आणि एच. आर. चे वारंवार बँड सोडणे यांमुळे त्यांना मोठे व्यावसायिक यश मिळाले नाही. तरीही हार्डकोरचा वेग, त्यातले लयीचे चढउतार आणि इतर शैलींशी असलेले त्याचे नाते यांवर बॅड ब्रेन्सइतका खोल ठसा क्वचितच दुसऱ्या बँडने उमटवला आहे.