सोनकीची विलायतेतली भावंडं

इंग्लंडात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. रेल्वे फलाटापलीकडे रुळांच्या खडीत पिवळीधमक फुलं दिसली आणि मी बायकोला म्हणालो, "अगं, सोनकी!" पावसाळा सरताना सह्याद्रीचे कडे पिवळे करते ना, तीच. अर्थात ती सोनकी नव्हती. पण दोघींचं गोत्र एकच, सेनेसिओ. नाव शोधायला गेलो आणि इतिहासात अडकलो!

ते होतं ऑक्सफर्ड रॅगवर्ट. मूळ घराणं सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवरचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आलं आणि तिथून गावातल्या भिंतींवर पळालं. १८४४ मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे आली. रुळांखालची खडी त्याला माहेरच्या लाव्ह्यासारखीच मानवली. म्हातारीसारखं उडणारं बी गाड्यांच्या वाऱ्यावर देशभर गेलं. वाटेत त्याची गाठ पडली ग्राउंडसेल नावाच्या गावठी तणाशी. रॅगवर्टच्या फुलाला कडेने लांब पाकळ्या, ग्राउंडसेलला सहसा एकही नाही. ओळखायला सोपं!

पण १९७९ मध्ये यॉर्क स्टेशनजवळच्या कार पार्कमध्ये रिचर्ड अ‍ॅबट यांना मधलंच एक रोप सापडलं. पाकळ्या होत्या, पण आखूड. आता पाकळ्यावालं ग्राउंडसेलही अधूनमधून दिसतंच, त्यामुळे कुणीही दुर्लक्ष केलं असतं. त्यांनी केलं नाही. हे रोप स्वतःच्याच परागांवर बी धरत होतं आणि आईबापांच्या जातींशी सहजी मिसळत नव्हतं. म्हणजे संकरातून जन्मलेली एक नवी जातच! २००३ मध्ये तिला यॉर्कच्या रोमन नावावरून सेनेसिओ एबोरासेन्सिस हे नाव मिळालं.

आणि गंमत म्हणा की दुर्दैव, नाव मिळालं तेव्हा मोकळ्यावर एकही रोप उरलं नव्हतं. शहर स्वच्छ ठेवायला मारलेल्या तणनाशकाने घात केला असं मानतात. सुदैवाने चिमूटभर बी मिलेनियम सीड बँकेत जपलेलं होतं. २०२३ मध्ये ते यॉर्कमध्ये पुन्हा पेरलं आणि फुललंही.

एका आखूड पाकळीकडे कुणीतरी नीट पाहिलं, म्हणून ते बी जपलं गेलं. तेव्हापासून कुंडीतलं तण उपटताना माझा हात क्षणभर थांबतो. तुमचाही थांबतो का?